जुन्या चेनसॉचे पॉइंट कसे सेट करायचे? पुसले की चालतो, मग परत बंद

वाडीवाला_दापोली
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण शेवटपर्यंत वाचा आणि ज्यांना येतं त्यांनी नक्की सांगा.

आमच्याकडे एक जुना चेनसॉ आहे, जर्मन, १९७० च्या दशकातला, साठ सीसीच्या आसपासचा. काकांची वखार होती तेव्हा घेतलेला. वखार बंद झाली आणि मशीन माळ्यावर गेलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं तेव्हा आमच्या दापोलीतही आंजर्ले, केळशी, हर्णै, मुरूड सगळीकडे माड-पोफळी-आंबे आडवे झाले, रस्ते बंद, वीज नाही, आणि कटरवाला सांगेल तो भाव. तेव्हा हे मशीन खाली काढलं, होड्यांची इंजिनं करणाऱ्या एका मुलाने साफसूफ करून चालू करून दिलं आणि आमच्या आळीची पाखाडी याच मशीनने मोकळी झाली. तेव्हापासून जीव आहे माझा त्याच्यात. विकून नवीन घ्या असं कृपया कोणी सांगू नका.

प्रॉब्लेम असा आहे की आता दोरी ओढली की करंटच नाही, म्हणजे प्लगला ठिणगीच पडत नाही. मॅग्नेट (क्रँकवरचं चुंबकाचं चाक) काढून आतले पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) कागदाने पुसले की लगेच चालू होतं, आवाजही खणखणीत. अर्धा-पाऊण तास छान चालतं, मग फट-फट करायला लागतं, ताकद जाते आणि बंद. परत मॅग्नेट काढा, परत पुसा. प्लग नवीन आहे, पेट्रोल ताजं, टू-टी ऑइल लिटरला ४० मिली. तो मुलगा आता मुंबईला असतो त्यामुळे सगळं मलाच करायचंय.

विचारायचंय ते हे: गॅप किती ठेवायचा आणि नेमका कुठे मोजायचा? गॅप बरोबर केला की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) आपोआप बरोबर येतं का ते वेगळं बघायचं? आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक करून टाकावं का?

राजदूत१७५
गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. त्या काळातल्या बहुतेक जर्मन मशीनना हाच असतो, आपल्या राजदूतला पण जवळपास हेच. पॉइंट पूर्ण उघडे असतील तिथे फिलर गेज (ठराविक जाडीच्या मापाच्या पात्या) घालायचं. ०.४० ची पाती किंचित अडकून सरकली पाहिजे, ०.४५ ची आत जाता कामा नये.

टायमिंगबद्दल एवढं लक्षात ठेवा, गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात म्हणजे करंट आधी पडतो, टायमिंग ॲडव्हान्स. गॅप कमी केला की उशिरा उघडतात, रिटार्ड. म्हणजे पॉइंट सेट करताना तुम्ही टायमिंगच सेट करत असता. पॉइंटच्या हाताला जो फायबरचा ठोकळा असतो ना कॅमवर घासणारा, तो झिजत जातो आणि गॅप आपोआप कमी होत जातो, म्हणून जुनी मशीनं हळूहळू सुस्त होतात आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो.

झटपट
पॉइंट काढा, बाजारात छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतं ते टाका. विषय संपला.

मिस्त्रीकाका_कराड
झटपटराव, विषय एवढ्यात संपवू नका. त्याचं दुखणं काय आहे ते आधी बघू द्या की.

वाडीवाले, तुम्ही मॅग्नेट काढता कसं ते सांगा आधी. पुलर (खेचून काढायचं हत्यार) आहे का हातोडीने काढताय? क्रँकच्या टोकावर लोखंडी हातोडी घातली तर चुडी (आटे) जाते, बेअरिंगला मार बसतो, आणि तो मॅग्नेट ॲल्युमिनियमचा, त्याची पाती मोडली तर मिळायची नाही. पुलर नसेल तर नट चुडीच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करा, मागून मॅग्नेटवर हलका ताण द्या आणि नटवर पितळी हातोडीने एकच टोला. टेपर आहे, सुटतो पटकन.

नट सोडवताना इंजिन फिरतं, ते अडवायला प्लगच्या भोकातून दोरी सोडा. पण पिस्टनने सायलेन्सरचं भोक झाकल्यावरच दोरी सोडायची, नाहीतर दोरीचं टोक भोकात सापडून चिरडतं आणि तुकडे आत राहतात.

मॅग्नेट निघाला की पहिलं काम, अर्धचंद्राची चावी बघा. छोटीशी असते, क्रँकच्या खाचेत बसते. ती अर्धी कापलेली असली तर मॅग्नेट आपल्या जागेवरून सरकतो आणि मग तुम्ही गॅप कितीही मापात ठेवा, टायमिंग चुकलेलंच. टेपरवर तेल-ग्रीस लावायचं नाही, कोरडं पुसून बसवायचं. नट नीट आवळला नाही तर चावीवर सगळा भार येतो आणि ती कापली जाते.

पॉइंट बघताना दोन्ही तोंडं समोरासमोर सपाट बसतात का ते बघा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असेल तर फिलर गेज टेंगळावर टेकतं आणि माप खोटं देतं. असले पॉइंट मी घासत बसत नाही, बदलतो.

वाडीवाला_दापोली
काका धन्यवाद. पुलर करून घेतलाय हर्णैच्या लेथवाल्याकडून, तीन बोल्टवाला. चावी अखंड आहे. पॉइंटची तोंडं सपाट आहेत, पण करडी काळपट दिसतात.

एक वेगळाच घोळ आहे. मल्टीमीटर आवाजाच्या मोडवर ठेवून पॉइंट उघडतात कधी ते बघायला गेलो तर तो सारखाच बीप करतोय. पॉइंट उघडे असले तरी बीप, बंद असले तरी बीप. म्हणजे पॉइंट बॉडीला शॉर्ट झालेत का?

अनघा_वायरिंग
नाही, शॉर्ट नाही, आणि हे जवळजवळ प्रत्येकाला पहिल्यांदा होतं. पॉइंटला समांतर कॉइलचं प्रायमरी वाइंडिंग जोडलेलं असतं, जाड तारेचे थोडेच वेढे, त्याचा रेझिस्टन्स बऱ्याचदा एक ओमच्या आसपास. पॉइंट उघडले तरी मीटरचा करंट कॉइलमधून बॉडीला जातो आणि मीटरला वाटतं सर्किट जोडलेलंच आहे. मीटरचा बीप तर कित्येक ओमपर्यंत वाजतो.

पॉइंटच्या टर्मिनलवरून कॉइलची वायर सोडवा, बंद करायच्या स्विचची वायर तिथेच येते ती पण सोडवा. मग एक टोक पॉइंटच्या हाताला आणि एक बॉडीला लावा. आता उघडले की बीप थांबेल. बीप थांबला त्या क्षणी ठिणगी पडते, तिथे मॅग्नेट आणि बॉडीवर मार्कर पेनने खूण करून ठेवा.

मीटर हातात आहेच तर दोन गोष्टी अजून बघून घ्या. पॉइंट बंद असताना त्यांचा रेझिस्टन्स, तो जवळपास शून्य हवा. दोन-चार ओम दाखवत असेल तर तोंडावर थर आहे. आणि कपॅसिटन्सचा मोड असेल तर कंडेन्सर सोडवून मोजा, छोट्या इंजिनांचे साधारण ०.१५ ते ०.२५ मायक्रोफॅरड असतात.

बुलेट_आणि_बरंच
आमच्या जुन्या बुलेटला हे काहीच लागायचं नाही. पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी आणायचा, चावी ऑन करायची आणि हेडलाइटच्या डोक्यावरच्या ॲमीटरकडे बघत पॉइंटची प्लेट सरकवायची. पॉइंट बंद असले की काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा हलला तिथे टायमिंग. एवढं सुंदर काम होतं ते!

झटपट
आला बुलेटवाला, धागा आता दोन पानं तरी वाढणार 😄

बुलेट_आणि_बरंच
वाढू दे की 😄 पण मुद्दा खरा आहे ना.

अनघा_वायरिंग
मुद्दा खरा आहे, पण बुलेटला बॅटरी आहे. चेनसॉत बॅटरी नाही, मॅग्नेट फिरतो तेव्हाच कॉइलमध्ये वीज तयार होते. म्हणून इथे आणखी एक गोष्ट येते. पॉइंट उघडायची वेळ पिस्टनशी जुळावी लागतेच, पण त्याच वेळी मॅग्नेटचं चुंबक कॉइलच्या पायांपासून ठराविक अंतर पुढे गेलेलं असावं लागतं, तेव्हा प्रायमरीतला करंट सगळ्यात जास्त असतो. गॅप फार कमी-जास्त झाला की ते जुळणं बिघडतं, टायमिंग चालण्याइतपत असलं तरी ठिणगी पिवळी आणि बारीक पडते. त्यामुळे मॅग्नेटोवाल्या मशीनला गॅप बुलेटपेक्षा जास्त काटेकोर ठेवायचा.

पक्या_ओरेगॉन
मी इकडे ओरेगॉनमध्ये असतो, चेनसॉचा मुलूखच आहे. इथल्या जुन्या होमलाइट एक्सएल-१२ ला गॅप ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. मॅककलॉकच्या बऱ्याच मॉडेलना मात्र ०.०१८, म्हणजे ०.४६. त्यामुळे सगळ्यांना एकच माप लावू नका, मॉडेलचं मॅन्युअल शोधा. जर्मन मशीनला वर राजदूतने सांगितलेलं ठीक आहे.

कॉइल काढलं असेल तर कॉइलचे पाय आणि मॅग्नेट यांच्यातलं अंतरही सेट करावं लागतं. मॅग्नेट कॉइलसमोर आणायचा, मध्ये व्हिजिटिंग कार्ड घालायचं, चुंबक कॉइलला ओढून घेतं, मग स्क्रू आवळून कार्ड काढायचं. साधं कार्ड पाव मिलिमीटरच्या आसपास असतं. नंतर मॅग्नेट हाताने पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा.

राजदूत१७५
पॉइंट साफ कशाने करता तुम्ही सगळे? मी शून्य नंबरचा पॉलिश पेपर दुमडून दोन हात मारतो.

मिस्त्रीकाका_कराड
पॉलिश पेपर मारा, पण काळा एमरी नको. त्याची खर तोंडात रुतून बसते आणि तिथेच परत जळायला लागतं. आणि काहीही मारलं तरी शेवटी पेट्रोलमध्ये बुडवलेला पांढरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढायचा, मग कोरडा कागद. कागदावर रेघ उमटायची बंद होईस्तोवर. नवीन पॉइंटवर पण कंपनीचा तेलाचा हात असतो, तो पुसल्याशिवाय करंट यायचा नाही. फिलर गेज पण तेलकट असतं, गॅप मोजला की परत एकदा कागद ओढायचाच.

द्राक्षबाग_निफाड
आमच्याकडे फवारणीच्या जुन्या व्हिलिअर्स इंजिनांना हेच पॉइंट होते. पावसाळाभर शेडमध्ये पडून राहिलं की सप्टेंबरात एकही इंजिन चालू होत नसे. मेकॅनिक यायचा, मॅग्नेटच्या खिडकीतून कागद घालायचा, पुसायचा, चालू. दमट हवेत पॉइंटवर थर बसतो, डोळ्याला दिसत पण नाही. कोकणात तर विचारायलाच नको. वाडीवाले भाऊ, तुमचं पण तेच असेल, मशीन घरात कोरड्या जागी ठेवा.

अनघा_वायरिंग
पण दमट हवेचा थर महिन्यांनी बसतो, अर्ध्या तासात नाही. इथे मशीन चालता चालता बंद पडतंय. मला कॉइल किंवा कंडेन्सरचा संशय आहे. गरम झालं की कॉइलच्या आतलं इन्सुलेशन सोडतं, करंट जातो, थंड झालं की परत येतो. टिपिकल लक्षण आहे.

बुलेट_आणि_बरंच
+१ कॉइल.

द्राक्षबाग_निफाड
कंडेन्सर. कंडेन्सर गेला की पॉइंटमध्ये लख्ख ठिणग्या उडतात आणि तोंडं जळतात. आमच्याकडे शंभरातली नव्वद दुखणी कंडेन्सरची.

मिस्त्रीकाका_कराड
अंदाज नका लावू, त्यालाच विचारू. वाडीवाले, मशीन बंद पडल्यावर ते तासभर सावलीत ठेवा आणि पॉइंटला हात न लावता चालू करून बघा. थंड झाल्यावर नुसतं दोरीने चालू झालं तर अनघाताई म्हणतात ते खरं, कॉइल. थंड होऊनही करंट नाही आणि पुसलं की लगेच आला तर कॉइल सुटलं, तोंडावर काहीतरी येतंय. मग ते काय येतंय ते बघायचं. पुसलेला कागद फेकू नका, उजेडात धरा. कोरडी काळी पूड आहे का ओलं आहे, वास कशाचा येतो, ते लिहा इथे.

आणि बंद करायच्या स्विचची वायर एकदा सोडवून चालवून बघा. ती वायर कुठे घासून बॉडीला लागत असेल तर स्विच दाबल्यासारखंच होतं, आणि लोक पॉइंटला शिव्या देतात. फक्त वायर सोडवली की मशीन स्विचने बंद होणार नाही, चोक ओढून बंद करायचं, हे आधीच लक्षात ठेवा. आणि ही चाचणी चेन आणि पट्टी काढून करा.

सह्याद्री_वनमित्र
थोडं विषय सोडून, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या काळातल्या बऱ्याच मशीनना चेन ब्रेक नसायचा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, ते थांबवायला काहीही नाही. टोकाने कापायला जाऊच नका. दोन्ही हात मशीनवर, अंगठा हँडलच्या खालून, डोळ्याला चष्मा, पायात बूट.

वादळात पडलेल्या झाडांचं लाकूड ताणाखाली असतं. फांदी जमिनीत रुतून धनुष्यासारखी वाकलेली असते, ताणलेल्या बाजूने एकदम कापली की फाटते आणि उडते. आधी दाबाखालच्या बाजूने थोडं कापायचं, मग ताणाची बाजू. निसर्गनंतर मी मंडणगड-दापोली भागात फिरलोय, झाड पडताना जेवढे लोक वाचले त्यातले काही जण नंतर पडलेलं झाड कापताना जखमी झालेले बघितलेत.

आणि उभं झाड तोडायचं असेल तर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमात आंबा, फणस, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ ही सगळी झाडं येतात. स्वतःच्या मालकीच्या वाडीतलं असलं तरी परवानगी लागते.

वाडीवाला_दापोली
वनमित्र, उभं झाड तोडायचं नाहीच आहे. पडलेले आणि वाळलेले माड आहेत, आणि फणसाची एक मोडलेली फांदी. बाकी तुम्ही सांगितलेलं सगळं घरच्यांना वाचून दाखवलं.

काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. चेन-पट्टी काढून, स्विचची वायर सोडवून चालवलं, तरीही बंद पडलं. म्हणजे वायरचा दोष नाही. मग संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं, मशीन हाताला गार लागत होतं, दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, करंट नाही. मॅग्नेट काढला, कागद ओढला, वर्तमानपत्राच्या कडेचा कोरा कागद होता, त्यावर काळसर ओला डाग आला आणि डागाभोवती तेलकट कडा पसरली. वास पेट्रोल आणि टू-टी ऑइलचा. पॉइंटच्या डबीच्या तळाशी पण ओलावा आहे, बोट फिरवलं तर काळं तेल बोटाला लागलं. कॅमला वंगण देणारं फेल्ट पण भिजून चिंब.

अनघा_वायरिंग
मग कॉइल नाही. माझा अंदाज मागे.

मिस्त्रीकाका_कराड
सापडलं. तुमचं पॉइंटचं दुखणंच नाही, ऑइल सीलचं आहे.

नीट समजून घ्या, कारण यात मशीनचा जीव आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आधी खाली क्रँकच्या पेटीत येतं, मग वर जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा त्या पेटीत दाब तयार होतो, वर जातो तेव्हा ती पेटी हवा खेचते. क्रँक दोन्ही बाजूंनी जिथून बाहेर निघतो तिथे रबराचं सील असतं. तुमचं मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक होऊन झिजलंय. पिस्टन खाली येताना त्यातून तेलकट वाफ बाहेर पडते, आणि सीलच्या लगेच पुढे कोण बसलंय? पॉइंट. तोंडावर तेल येतं, ठिणगीने जळून त्याचा काजळीचा थर होतो, प्रायमरीचं सर्किट नीट जुळत नाही, करंट गेला. तुम्ही पुसता, अर्धा तास चालतं, परत तेल.

आता दुसरी बाजू, ती जास्त वाईट. त्याच भोकातून पिस्टन वर जाताना बाहेरची हवा आत येते. कार्बोरेटरने जेवढं पेट्रोल मोजून दिलंय त्यात ही जास्तीची हवा मिसळते, मिश्रण पातळ होतं, आणि टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पातळ मिश्रणावर भर कामात पिस्टन तापतो आणि पकडतो. आता सांगा, मशीन गरम झाल्यावर थ्रॉटल सोडला तरी ते चढ्या आवाजात राहतं का? आवाज एकसारखा न राहता वर-खाली होतो का?

वाडीवाला_दापोली
होतो काका! थ्रॉटल सोडल्यावर आवाज उतरायला वेळ लागतो, आणि कधी कधी आपोआप चढतो. मी समजत होतो कार्बोरेटरचा स्क्रू बिघडलाय.

झटपट
पण मग मॉड्यूल टाकलं तर तेल लागून काही बिघडणार नाही ना? ते तर बंद डबीत असतं, त्याला तोंडच नाही. मी म्हणत होतो तेच बरोबर की.

पक्या_ओरेगॉन
झटपट, तुझं अर्धं बरोबर आहे. मॉड्यूल टाकलं तर करंट चालू राहील, सील गळत असलं तरीही. आणि तिथेच घात होईल. आता पॉइंट तेलाने बंद पडतात म्हणून मशीन थांबतंय. मॉड्यूलवर ते न थांबता पातळ मिश्रणावर तास न् तास चालेल आणि पिस्टन-सिलिंडर जाईल. पन्नास वर्षं जुन्या मशीनचा सिलिंडर मिळवणं म्हणजे काय, हे इथेही मला माहीत आहे, दापोलीत तर सोडाच.

मी मॉड्यूलच्या विरुद्ध नाही. नोव्हा वगैरे नावाने मिळतात, पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही काढून कॉइलच्या प्रायमरीला जोडायचं, किंमत फार नाही. जिथे पॉइंट मिळतच नाहीत तिथे तोच मार्ग. काही मॅग्नेटवर वायर उलट जोडाव्या लागतात आणि टायमिंग थोडं हलू शकतं ते तपासावं लागतं. पण आधी सील, मग हवं तर मॉड्यूल.

मिस्त्रीकाका_कराड
पक्याभाऊ, लाख बोललात. मी हेच म्हणतो गेली कित्येक वर्षं. पॉइंट परत परत खराब होत असतील तर पॉइंटला दोष देण्याआधी त्यांच्या आजूबाजूला बघावं. खड्डे पडत असतील तर कंडेन्सर, गॅप लवकर कमी होत असेल तर फेल्ट कोरडं आणि ठोकळा घासतोय, तेल येत असेल तर सील, गॅप दर वेळी वेगळा येत असेल तर क्रँकचं बेअरिंग ढिलं. मॅग्नेट हाताने वर-खाली हलवून बघा, बेअरिंगला खेळ असेल तर नवीन सील पण टिकायचं नाही.

अनघा_वायरिंग
सील खरंच गळतंय का हे खोलण्याआधी तपासता येतं का? मला शिकायचंय.

पक्या_ओरेगॉन
येतं, आणि घरच्या सामानात. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही भोकांवर जुन्या ट्यूबचं रबर आणि वर पत्र्याची पट्टी लावून बोल्टने आवळायचं. कार्बोरेटरच्या बाजूच्या रबरात एक नळी बसवायची. दुकानात ०.५ बारला टेस्ट करतात. मी बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि डायल वापरतो, ३०० पर्यंत काटा नेला की ०.४ बार झाला, तेवढं पुरतं. प्लग जागेवर घट्ट असू द्या. मग काटा उतरतो का बघायचं आणि सीलवर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं, फुगे आले की पकडलं. मॅग्नेट आधी काढून ठेवा म्हणजे सील समोर दिसेल.

द्राक्षबाग_निफाड
बीपीच्या यंत्राची आयडिया एक नंबर! आमच्या फवारणी पंपाच्या इंजिनांवर करून बघतो लगेच.

वाडीवाला_दापोली
बरेच दिवस गायब होतो, आंब्याची धावपळ. आता सगळं सांगतो.

पक्याभाऊंनी सांगितलेली टेस्ट केली, आईच्या जुन्या बीपीच्या यंत्रावर. काटा बघता बघता उतरला आणि मॅग्नेटच्या बाजूच्या सीलच्या ओठावर साबणाचे फुगे असे फुलले की शेजारची मुलं बघायला जमली. क्लचच्या बाजूला एकही फुगा नाही. बेअरिंगला खेळ नाही. सीलच्या पाठीवर माप कोरलेलं होतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, त्या तीन आकड्यांवर चिपळूणच्या बेअरिंगच्या दुकानात सील मिळालं, मशीनचं नाव पण सांगावं लागलं नाही. जुनं काढताना ते लाकडासारखं कडक झालेलं होतं, पक्कडीत मोडलं. नवीन बसवताना क्रँकच्या खाचेने ओठ फाटू नये म्हणून खाचेवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं, ओठाला थोडं ग्रीस लावलं आणि त्याच मापाच्या पाइपच्या तुकड्याने सरळ ठोकून बसवलं. परत टेस्ट, काटा जागेवर स्थिर.

मग डबी पेट्रोलने धुतली, फेल्ट पिळून वाळवलं, पॉइंटला पॉलिश पेपर आणि कागद. कंडेन्सर मोजला, ०.१९ आला, तोच ठेवला. चालू केलं तर थ्रॉटल सोडल्यावर आवाज पटकन खाली येतो आता. तीन माड आणि फणसाची फांदी एका दमात कापून झाली आणि डबी उघडून बघितली तर कोरडी.

फक्त माझा पहिला प्रश्न राहिलाच शेवटी! जुन्या पॉइंटवर ०.३५ ठेवलाय आत्ता. नवीन पॉइंटचा सेट पण मिळालाय एका ओळखीच्याकडून. तो घातला तर ०.३५ ठेवू का ०.४०?

सह्याद्री_वनमित्र
माडाला चेन लवकर बोथट होते हं, बाहेरचा भाग फार कठीण असतो आणि बुंध्याला वाळू चिकटलेली असते. कापण्याआधी बुंधा झाडून घ्या, कानस जवळ ठेवा.

राजदूत१७५
नवीन असेल तर ०.४०. नवीन ठोकळा सुरुवातीला कॅमवर घासून बसतो, तेव्हा गॅप थोडा उतरतोच. ०.३५ वर सुरुवात केली तर लगेच खाली जाईल.

मिस्त्रीकाका_कराड
राजदूतवाल्याचं बरोबर. ०.४० ठेवा, स्क्रू आवळल्यावर परत मोजा, कारण आवळताना प्लेट सरकते. अनघाताईंनी सांगितलेली मार्करची खूण जुन्या पॉइंटवर करून ठेवा आणि नवीन घातल्यावर बीप त्याच खुणेवर थांबतो का बघा. किंचित आधी थांबेल, ते ठीक आहे. खुणेपासून फारच लांब गेला तर गॅप परत मोजा. फेल्टला कॅमचं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, जास्त नको, जास्त झालं तर तेच उडून तोंडावर येईल. पेट्रोलच्या चार-पाच टाक्या झाल्या की एकदा उघडून गॅप बघा, ०.३५ च्या खाली गेला असेल तर परत ०.४० ला आणा. त्यानंतर हंगामाच्या सुरुवातीला एकदा बघितलं तरी पुरे. जुना सेट टाकू नका, कागदात गुंडाळून मशीनच्या पेटीत ठेवा.

द्राक्षबाग_निफाड
काका, व्हिलिअर्सच्या सीलचं माप पाठीवरच असतं का? मी उद्या एक इंजिन खोलतोय, फुगे दिसले तर इथेच लिहितो.

मिस्त्रीकाका_कराड
पाठीवरच असतं. घासून गेलं असेल तर व्हर्नियरने मोजा, क्रँक मोजून आतला व्यास घ्या, सीलचा नको, झिजलेलं सील मोठं माप दाखवतं.